विश्लेषण : पूल भक्कम होता, तरी २३ बळी गेले, गर्दीची तालीम संगणकावर आधीच का होत नाही?

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. साडेदहाच्या सुमारास मुंबईत अचानक जोराची सर आली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावरचे प्रवासी भिजायला नको म्हणून तिथेच थबकले. मागून लोकल येतच होत्या आणि प्रत्येक लोकल नवे प्रवासी पुलावर सोडत होती. पुढे वाट नाही आणि मागून रेटा. काही मिनिटांत चेंगराचेंगरी झाली आणि त्यात २३ जणांचा जीव गेला.

या दुर्घटनेची आठवण निघाली की एक गोष्ट हमखास निसटते. पूल पडला नव्हता. त्याचे खांब जागेवर होते. पूल किती वजन पेलेल, हा प्रश्न वेगळा आणि त्यावरून मिनिटाला किती माणसे जाऊ शकतील, हा प्रश्न वेगळा. पहिल्या प्रश्नासाठी आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट आहे, त्याचे प्रमाणपत्र आहे, ते नसेल तर बातमी होते. दुसऱ्या प्रश्नाचे ऑडिट मागण्याची पद्धतच नाही. ते करण्याचे तंत्र मात्र साठ वर्षांहून जुने आहे. त्याचे नाव डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन, थोडक्यात डीईएस. अभियांत्रिकीच्या मुलांना एखाद्या सत्रापुरता भेटणारा आणि परीक्षेनंतर विसरला जाणारा हा विषय. रुग्णालयाची ओपीडी, टोलनाका, रेल्वे स्थानक, यात्रेचा घाट असे काहीही उभारण्याआधी ते संगणकात ‘चालवून’ पाहणे, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या गर्दीच्या जागांसाठी ही तालीम सक्तीची का असायला हवी, ते समजून घेऊ.

सरासरी जुळते, मग रांग का लागते?

सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी घ्या. एका रुग्णाचे नाव, वय, पत्ता लिहून केसपेपर द्यायला कर्मचाऱ्याला सरासरी एक मिनिट लागते, असे समजू. म्हणजे तासाला ६० रुग्ण. खिडकीवर तासाला ५० रुग्ण येतात. कागदावर हिशेब चोख आहे. खिडकी पुरेशी आहे, उलट दहा जणांची जागा शिल्लक आहे.

पण रुग्ण काही घड्याळ लावून दर ७२ सेकंदांनी येत नाहीत. एसटी आली की पंधरा जण एकदम उतरतात, मग पाच मिनिटे कोणी नाही. एखाद्याचे काम वीस सेकंदांत होते, तर एखादीचे आधार कार्ड सापडेपर्यंत तीन मिनिटे जातात. येण्याच्या वेळा आणि कामाचा वेळ, दोन्हींत असा चढउतार गृहीत धरला, तर रांगशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रानुसार खिडकीपर्यंत पोहोचायला सरासरी पाच मिनिटे लागतात. हेही ठीकच.

आता तासाला ५० ऐवजी ५५ रुग्ण येऊ लागले. दहा टक्के वाढ. थांबण्याचा वेळ पाचवरून अकरा मिनिटांवर जातो. ५८ झाले की २९ मिनिटे. आणि ५९ झाले की तब्बल ५९ मिनिटे. क्षमता अजूनही ६० आहे. म्हणजे कागदावर ही खिडकी अजूनही ‘पुरेशी’ आहे.

नियोजनाच्या बैठकीत जो आकडा सर्वांत जास्त अभिमानाने सांगितला जातो, तो असतो ‘९५ टक्के क्षमतेचा वापर’. कारखान्यातल्या यंत्रासाठी तो कौतुकाचा असेलही. माणसे रांगेत उभी असतील तिथे तो धोक्याचा आकडा आहे. रिकामी खिडकी दिसली की ‘कर्मचारी बसून आहेत’ अशी तक्रार होते. पण ती थोडी रिकामी असते म्हणूनच रांग हलत असते.

याच हिशेबातली आणखी एक गंमत. दोन खिडक्या आहेत, प्रत्येकीपुढे वेगळी रांग आणि प्रत्येक रांगेत तासाला ५५ रुग्ण येतात. सरासरी थांबणे अकरा मिनिटे. आता एक पैसाही खर्च न करता दोन्ही रांगांची एकच रांग करा, जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस जाईल. थांबणे येते सव्वापाच मिनिटांवर. निम्म्याहून कमी. बँका आणि विमानतळांनी हे केव्हाच उचलले. किती तरी तहसील कार्यालये आणि रुग्णालयांत मात्र ‘माझी रांग हलतच नाही’ हे वैताग देणारे दृश्य अजून रोजचे आहे.

सूत्र आहे, तर संगणक कशाला?

ही सूत्रे आली टेलिफोनमुळे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या कॉल्सचे गणित मांडले. एवढ्या ग्राहकांसाठी एक्स्चेंजमध्ये किती लाइन ठेवाव्या, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. रांगशास्त्र तिथून सुरू झाले आणि दूरसंचारातल्या भाराचे एकक आजही ‘एर्लांग’ याच नावाने ओळखले जाते.

पण सूत्र चालते ते साध्या, एकाच लयीत चालणाऱ्या रांगेसाठी. खरी ओपीडी तशी नसते. नऊला खिडकी उघडते तेव्हा सातपासून आलेले शंभर जण आधीच उभे असतात. केसपेपर, मग डॉक्टर, मग रक्ततपासणी, मग अहवाल घेऊन पुन्हा डॉक्टर, मग औषधाची खिडकी. अकराला डॉक्टर वॉर्डात राउंडला जातात. दीडला जेवणाची सुट्टी. सोमवारची गर्दी वेगळी, आठवडी बाजाराच्या दिवसाची वेगळी. एका टप्प्यावरची रांग कमी केली की ती फक्त पुढच्या टप्प्यावर सरकते. केसपेपरच्या खिडक्या दुप्पट केल्या आणि डॉक्टर तेवढेच ठेवले, तर रुग्ण बाहेरच्या रांगेतून उठून आतल्या रांगेत बसतो, एवढाच फरक. अशा साखळीला एकच सूत्र लावता येत नाही. ती चालवूनच पाहावी लागते.

सिम्युलेशन प्रत्यक्षात चालते कसे?

नाव अवघड वाटले तरी कल्पना वहीच्या एका पानावर मावणारी आहे. ‘डिस्क्रीट इव्हेंट’ म्हणजे सुट्या सुट्या घटना. रुग्ण आला, ही घटना. खिडकीवर काम सुरू झाले, ही घटना. काम संपले, ही घटना. दोन घटनांच्या मधल्या वेळात व्यवस्थेत काहीही बदलत नाही, असे मानायचे. मग त्या मधल्या वेळाची नोंद ठेवायचे कारणच उरत नाही. संगणकातले घड्याळ सेकंद सेकंद पुढे न जाता थेट पुढच्या घटनेवर उडी मारते.

उदाहरणार्थ, नऊ वाजता पहिला रुग्ण आला. त्याच्या कामाला तीन मिनिटे लागणार, म्हणून ‘९.०३ला काम संपेल’ अशी नोंद यादीत पडते. ९.०१ला दुसरा रुग्ण येतो. खिडकी व्यग्र, म्हणून रांगेत. ९.०२ला तिसरा, तोही रांगेत. घड्याळ ९.०३वर उडी मारते, पहिला बाहेर पडतो, दुसऱ्याचे काम सुरू होते आणि ते संपण्याची वेळ यादीत चढते. यादीत पुढची घटना कोणती, तिथे जा, स्थिती बदला, नव्या घटना यादीत टाका. बस्स. घड्याळ, घटनांची यादी आणि यदृच्छेने आकडे देणारे यंत्र, एवढ्या तीन गोष्टींवर हा सगळा डोलारा उभा आहे. कोण केव्हा येईल आणि कोणाला किती वेळ लागेल, हे तिसरी गोष्ट ठरवते. एका अर्थी फासे टाकण्यासारखेच. पण फाशांवरचे आकडे खऱ्या मोजणीवरून बेतलेले असतात.

उड्या मारत जाणाऱ्या या घड्याळामुळे ओपीडीचा एक अख्खा दिवस साध्या लॅपटॉपवर क्षणार्धात उरकतो. म्हणून एकच दिवस न चालवता हजार दिवस चालवता येतात, दर वेळी फासे वेगळे. तंत्राचे खरे मोल इथे आहे. हजार दिवसांची सरासरी काढून अहवालात लिहिली, तर सगळी मेहनत वाया गेली असे समजावे. पाहायचे असतात ते हजारातले सर्वांत वाईट पन्नास दिवस. त्या दिवशी रांग कुठे अडली, किती वाजता अडली आणि मोकळी व्हायला किती वेळ लागला? माणसे मरतात ती सरासरी दिवशी नव्हे, या पन्नासांपैकी एखाद्या दिवशी.

या विषयाचा जन्म प्रयोगशाळेत कमी आणि कारखान्यांत जास्त झाला. ब्रिटनमध्ये युनायटेड स्टील या पोलाद कंपनीत के. डी. टोचर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस भट्ट्यांच्या कामासाठी सिम्युलेशनची आज्ञावली लिहिली. १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही खास याच कामाची भाषा आणली. ऑस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी सिम्युला ही भाषा घडवली. रांगेतल्या ग्राहकाला स्वतःचे गुणधर्म आणि स्वतःचे वागणे देता यावे, या गरजेतून सिम्युला ६७ मध्ये ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या संकल्पना आल्या. पुढे सी प्लस प्लस आणि जावापर्यंत त्याच झिरपल्या. त्यासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हिंजवडीत बसून रोज जावाचे क्लास लिहिणाऱ्या हजारो तरुणांना आपल्या रोजीरोटीचे मूळ रांगेच्या अभ्यासात आहे, हे बहुधा ठाऊकही नसते.

मग त्या पुलाचे काय?

एल्फिन्स्टनचे प्रत्यक्ष आकडे बाजूला ठेवून एक काल्पनिक पूल घेऊ. दर तीन मिनिटांनी एक लोकल येते आणि ३०० जण पुलावर चढतात. म्हणजे मिनिटाला १००. बाहेर पडणारा जिना मिनिटाला १२० जणांना वाट देतो. सरासरीच्या हिशेबात पूल उत्तम.

आता पाऊस येतो. जिन्याच्या तोंडाशी लोक थांबतात आणि बाहेर पडण्याचा वेग निम्मा, म्हणजे मिनिटाला ६० होतो. आत येणारे १०० तेवढेच राहतात, कारण लोकलला पुलावर काय चालले आहे हे माहीत नसते. मिनिटाला ४० माणसे साचू लागतात. दहा मिनिटांत ४००. पुलावर चालायची जागा १०० चौरस मीटर असेल, तर आधी होते त्यांच्यात प्रत्येक चौरस मीटरमागे चार माणसांची भर पडली. चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की कोणीही स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. गर्दी नेईल तिकडे माणूस जातो.

पुढचा भाग अधिक बोचरा आहे. दहा मिनिटांनी पाऊस थांबला, जिना पुन्हा १२० वर आला, तरी गर्दी लगेच ओसरत नाही. मिनिटाला १२० बाहेर आणि १०० आत, म्हणजे शिल्लक क्षमता फक्त २० ची. साचलेले ४०० जण मोकळे व्हायला आणखी वीस मिनिटे लागणार. आणि त्या वीस मिनिटांत दोन लोकल एकाच वेळी आल्या तर? सणाच्या आदल्या दिवशी फुलांचे भारे घेऊन येणारे प्रवासी असले तर? साचलेली रांग कर्जासारखी असते. घेतले झटकन जाते, फिटते मात्र हातात उरणाऱ्या शिलकीतून.

असे मॉडेल चेंगराचेंगरीची तारीख सांगू शकले नसते. ‘जिना निम्म्याने अडला, तर किती मिनिटांत लोकल थांबवाव्या लागतील?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ते देऊ शकते. ते उत्तर मिनिटांत असते आणि स्टेशन मास्तरच्या टेबलावर चिकटवून ठेवता येते. त्या पुलाला पर्यायी पूल मंजूर होता, पण तो कागदावरच होता. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करून २०१८ च्या फेब्रुवारीत नवा पूल खुला झाला. इच्छाशक्ती असली की काही महिन्यांत पूल होतो, हेही त्यातून कळले. पण त्या दुसऱ्या पुलाची गरज २३ जण गेल्यावर सिद्ध व्हायला नको होती.

इथे तंत्राची एक मर्यादाही नोंदवायला हवी. गर्दी प्रमाणाबाहेर दाटली की ती माणसांची रांग राहत नाही, द्रवासारखी हेलकावू लागते. त्या अवस्थेच्या अभ्यासासाठी वेगळी मॉडेल लागतात. डीईएस सांगते ते इतकेच की तिथपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल. पण तिथपर्यंत पोहोचूच नये, यासाठी तेवढी माहिती पुष्कळ आहे.

टोलनाक्यावर काय दिसते?

रस्त्यावरचे उदाहरण रोजच्या अनुभवातले आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने निर्देश काढले की एका वाहनाला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये आणि रांग १०० मीटरच्या पुढे जाऊ नये. दहा सेकंद म्हणजे एका लेनमधून तासाला ३६० वाहने. लेनवर तासाला ३२० वाहने येत असतील, तर सगळे सुरळीत वाटेल.

मग एका गाडीचा टॅग वाचला जात नाही. चालक काच खाली करतो, कर्मचारी हातातले यंत्र घेऊन येतो, टॅगमध्ये पैसे नाहीत असे कळते, वाद होतो. दीड मिनिट गेले. तेवढ्यात मागे आठ वाहने लागली. लेनची शिल्लक क्षमता तासाला ४० वाहनांची, म्हणून ही आठ वाहनांची रांग फिटायला सुमारे बारा मिनिटे लागतात. त्या बारा मिनिटांत आणखी एक टॅग बिघडला की संपलेच. ‘फास्टॅग असूनही रांग कशी?’ या संतापाचे उत्तर सरासरी दहा सेकंदांत नाही, अधूनमधून लागणाऱ्या त्या दीड मिनिटांत आहे. गणित सांगते की एका खिडकीची सरासरी तीच ठेवून कामाच्या वेळेतला सगळा चढउतार काढून टाकला, तर रांगेतले सरासरी थांबणे निम्म्यावर येते. म्हणून आणखी एक लेन बांधण्याआधी बिघडलेल्या टॅगची गाडी बाजूला घ्यायला जागा करणे कधी कधी जास्त उपयोगाचे असते. खर्च कोट्यवधींचा की रंगाच्या पट्ट्याचा, हा फरक संगणकावर एका दुपारी कळू शकतो.

मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये टोलमाफी मिळाली, तेव्हा रांगेचा प्रश्न राजकीय निर्णयाने सुटला. प्रत्येक रांग अशी माफ करून सुटत नाही. रुग्णालयाची तर नाहीच.

पण मॉडेलही चुकतेच ना?

चुकते, आणि दिमाखात चुकते. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाचा किस्सा या क्षेत्रात अजूनही शिकवला जातो. प्रवाशांच्या बॅगा संगणक-नियंत्रित गाड्यांनी आपोआप विमानापर्यंत नेणारी व्यवस्था तिथे उभारली. १९९४ मध्ये पत्रकारांपुढे चाचणी झाली, तेव्हा बॅगा उडून पडल्या आणि कपडे रुळांवर विखुरले. विमानतळ सोळा महिने रखडून २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडला. रखडलेल्या प्रत्येक दिवसाचा खर्च दहा लाख डॉलरच्या वर होता. एमआयटीचे रिचर्ड डी न्यूफविल यांनी तेव्हाच दाखवून दिले की मूळ अडचण रांगेची होती. भरलेल्या गाड्या पोहोचवण्यावर सगळे लक्ष; पण प्रत्येक ठिकाणी रिकामी गाडी वेळेवर परत पोहोचेल का, हे चढउतार धरून कोणी नीट तपासले नव्हते. शेवटी २००५ मध्ये ही व्यवस्था मोडीत निघाली. डबे धुऊन परत येईपर्यंत दुसऱ्या दिवशीचा डबा भरता येत नाही, हे मुंबईतल्या कोणत्याही डबेवाल्याला सांगावे लागत नाही.

आपल्याकडचा धोका थोडा वेगळा आहे. सल्लागार कंपनी रंगीत थ्रीडी चित्रफीत दाखवते. निळे-लाल ठिपके पुलावरून सुरेख सरकतात, बैठकीतले सगळे माना डोलावतात आणि सविस्तर प्रकल्प अहवालात ‘सिम्युलेशन केले आहे’ असे एक वाक्य पडते. ही तालीम नव्हे, हा व्हिडीओ गेम. अशा वेळी चित्रफीत बाजूला ठेवून चार प्रश्न विचारायला हवेत. येणाऱ्यांचे आकडे कुठे आणि कोणत्या दिवशी मोजले? किती वेळा चालवून पाहिले? सर्वांत वाईट पाच टक्के दिवशी काय झाले? आणि आज असलेली व्यवस्था याच मॉडेलमध्ये घातली, तर आजची खरी रांग दिसते का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या मॉडेलला कालची गर्दी दाखवता येत नाही, त्याने उद्याची दाखवू नये.

पैशांची सबब इथे टिकत नाही. पायथॉन भाषेतले सिमपाय हे साधन फुकट आहे आणि कोणत्याही जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले ते एका सत्रात शिकू शकतात. जाणकारही दूर नाहीत. रेल्वेने २०२० मध्ये शून्याधारित वेळापत्रक आखले, ते आयआयटी मुंबईच्या मदतीने. आयआयटी दिल्लीतल्या संशोधकांनी भारतातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कामकाज नेमक्या याच पद्धतीने मॉडेलमध्ये बसवून तपासले आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णालयाच्या खाटांपासून तातडीच्या विभागापर्यंत डीईएसचा वापर रुळलेला आहे. महाग आहे ती मोजणी. कोण किती वाजता आले, कुठे किती वेळ थांबले, ही नोंद आपल्या बहुतेक कार्यालयांत होतच नाही. केसपेपरवर तारीख असते, वेळ नसते. तो एक रकाना वाढवायला कोणत्याही मंत्रिमंडळाची मंजुरी लागू नये.

नाशिकसाठी याचा अर्थ काय?

नाशिकला गर्दीची किंमत ठाऊक आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाहीस्नानावेळी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. बारा वर्षांनी, २०१५ च्या सिंहस्थात, नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने सहकाऱ्यांसह एक साधी युक्ती वापरून पाहिली. वाटेवर दाब ओळखणाऱ्या चटया अंथरायच्या आणि पावलांवरून माणसे मोजायची. ‘अशियोटो’ नावाच्या या चटयांनी अठरा तासांत सुमारे पाच लाख लोक मोजले. सिम्युलेशनला नेमके हेच हवे असते : कोणत्या मिनिटाला किती पावले पडली.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट, वाहनतळ यांची कामे होतील, कॅमेरे आणि ड्रोनही लागतील. पण कॅमेरा गर्दी झाल्यावर दाखवतो. एखादा वाहनतळ अर्धा तास आधी भरला, एखाद्या आखाड्याची मिरवणूक वीस मिनिटे रेंगाळली, गोदावरीचे पाणी वाढून एक घाट बंद करावा लागला आणि त्याच वेळी स्थानकावर दोन विशेष गाड्या उतरल्या, तर गर्दी कोणत्या गल्लीत, किती मिनिटांत साचेल? हे आधी चालवून पाहता येते. पुलाचा आराखडा जसा कार्यालयात पाहायला मिळतो, तसे हे मॉडेल आणि त्यातली गृहीतके संकेतस्थळावर का ठेवू नयेत? शेकडो वर्षे त्याच गल्लीत राहणाऱ्या घराण्यांना ‘इथे उतार आहे, इथे लोक चपला काढायला थांबतात’ हे कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त कळते. जिथे लोक चपला काढायला थांबतात, तिथे मॉडेलच्या भाषेत एक खिडकी असते आणि तिच्यामागे एक रांग. ती नकाशात दिसत नाही.

मोजणीसाठी पर्वणीची वाट पाहण्याचेही कारण नाही. दरवर्षी तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी प्रचंड गर्दी लोटते. वाटा त्याच, उतार तेच, पाऊस तोच. प्रत्येक फाट्यावर मिनिटागणिक मोजणी करणारी माणसे किंवा चटया त्या एका रात्री ठेवल्या, तर मॉडेलला लागणारे पहिले खरे आकडे तिथेच मिळतील.